बाईंचा दहावा

सोमवारी दुपारी बाई अडतीस वर्षांच्या होत्या. मंगळवारी सकाळी मी पाणी तापवायला माडीवरून खाली आले, तर ओटीवर सत्तरीची एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. मी विचारलं, "बाई, दूध आलं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा विचारायला मी तिच्या उजव्या अंगाला गेले, तेव्हा ती म्हणाली, "डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. शुक्रवारपर्यंत उजवीकडून बोलत जा, मास्तरीण."

त्या घरात राहायला जाऊन मला तेव्हा चारच दिवस झाले होते. आपण कुठे येऊन पडलो, या विचाराने माझा जीव अर्धा झाला. शुक्रवारी संध्याकाळी बाई उठल्या, केस विंचरले, आणि दोन्ही कानांनी ऐकायला लागल्या. "जमली," एवढंच म्हणाल्या. "आता ही म्हातारी कधीही बोलावली तरी येईल."

ही गोष्ट महाडची, बोलपट नुकते बोलायला लागले होते त्या सालांतली. मी ट्रेनिंग कॉलेज करून मुलींच्या शाळेत लागले होते. लहानपणीच कुंकू पुसलं गेलेलं. अशा एकटीला खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. जे राजी होते त्यांना माझ्याकडून सोवळ्यातला स्वयंपाकही हवा होता. सावित्री नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात बाईंचं लहानसं घर होतं, खाली दोन खोल्या आणि वर एक माडी. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "रागावलीस की तुझा आवाज वर जातो का खाली?"

"खाली," मी म्हटलं.

"मग राहा. वर जाणारे आवाज माझ्याकडे पुष्कळ आहेत."

गाव त्यांना 'नाटकवाली' म्हणे. महिन्याभरात शाळा कमिटीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "त्या नाटकवालीकडे राहता म्हणे? लोक बोलतात." मी म्हटलं, "आपल्या माडीवर खोली रिकामी आहे असं ऐकते. आजच सामान आणते." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. माझा आवाज अर्थातच खाली गेला होता.

बाई मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या एका वाडीच्या. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तापाने तिकडेच गेला. चोवीस वर्षांची ही बाई आईकडे परत आली. त्या हिवाळ्यात महाडला एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला, आणि कंपनीच्या बिऱ्हाडात लुगडी धुवायला आणि घड्या घालायला बाई लागल्या. तिथल्या नायिका म्हणजे सगळे पुरुष. त्यांना लुगडं नेसवताना बाईंना राहवेना. "अहो, बाई अशी बसते होय? आधी गुडघा कुठे जातो ते बघा." असं करत करत त्या नायिकांना बसायला, उठायला, डोक्यावरचा हंडा उतरवायला शिकवू लागल्या. एके दिवशी म्हातारीचं काम करणारा नट हिवतापाने अंथरुणाला खिळला आणि मालकांनी बाईंना उभं केलं. कंपनी हलली तेव्हा बाईही तिच्याबरोबर गेल्या.

गंमत अशी की पहिली दोन वर्षं प्रेक्षकांना ही बाई आहे हे कळलंच नाही. स्त्रीचं काम म्हणजे पुरुषच करणार, हे इतकं ठरलेलं होतं की लोक म्हणत, काय हुबेहूब म्हातारी करतो हा माणूस. एका गावच्या इनामदारांनी खूश होऊन 'त्या नटाला' फेटा पाठवला. तो फेटा बाईंनी जपून ठेवला होता. उन्हाळ्यात त्याच्यावर पापड वाळत घालायच्या.

"मी पंचवीसची, आणि माझी मुलगी झालेला नट पंचेचाळीसचा," त्या सांगत. "तिसऱ्या अंकात त्याला मांडीवर घेऊन रडायचं असे. लोकांना वाटे काय पोटतिडकीनं रडते. पाय बधिर झालेला असे, रडणार नाही तर काय?"

म्हातारपणाबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. नवशिके नट म्हातारी करायची म्हटली की कंबर वाकवतात, याचा त्यांना मनस्वी राग. "कंबर सगळ्यात शेवटी वाकते. म्हातारपण आधी हातात येतं. तरुण माणसाचा हात तांब्यावर सरळ पडतो. म्हातारीचा हात तांब्याला आधी विचारतो, आणि मग धरतो." हे त्यांनी सांगितल्यापासून मी कुणाही वयस्क माणसाचा हात त्या नजरेनेच पाहते. आता माझा स्वतःचा पाहते. विचारायला लागला आहे.

कंपनीला विसावा असे तेव्हा बाई महाडला येत. बाजाराच्या दिवशी त्यांचा खरा उद्योग चाले. डोंगरातून उतरलेली एखादी म्हातारी हेरायची, तिच्या मागे मागे चालायचं, आणि धाडस करून म्हणायचं, "आजी, पाटी द्या, मी घेते." पाटी डोक्यावर घेऊन म्हातारीच्या पावलावर पाऊल टाकत वेशीपर्यंत जायचं. परत येताना बाई त्या म्हातारीच्याच चालीनं येत. नाते गावच्या एका आजींची चाल त्यांनी अशीच घेतली होती. डावा पाय टाकण्याआधी त्या आजी जरा थांबत, जसं काही कुणी मागून हाक मारील. ती चाल बाईंनी तीन नाटकांत वापरली. कार्यक्रमाच्या कागदावर त्या आजींचं नावही छापायला हवं, असं त्यांनी मालकांना सांगून पाहिलं. मालक हसले.

दुसरं वेड लुगड्यांचं. रंगपटातली नवी लुगडी नेसून म्हातारी होता येत नाही, असं त्या म्हणत. वर्षानुवर्षं एकाच अंगावर राहिलेल्या लुगड्याला त्या अंगाचं वळण पडतं, ते पाहिजे. म्हणून त्या बाजारात कोरं लुगडं घेऊन उभ्या राहत आणि म्हाताऱ्यांना म्हणत, "हे घ्या, तुमचं जुनं द्या." आता आमच्या भागात अंगावरचं जुनं वस्त्र परक्याच्या हाती देत नाहीत. त्यावर करणी होते, ही भीती. एका म्हातारीने मोहाने दिलं, तर दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा काठी घेऊन दारात.

"आमच्या म्हातारीचं लुगडं काढा भायेर. काय करायचं ठरवलंय तिचं?"

बाई आत गेल्या, ते लुगडं नेसून आल्या, आणि उंबऱ्यावर बसून पदराच्या टोकातली गाठ दाताने सोडायला लागल्या. एवढंच. तो माणूस बघत राहिला. काठी भिंतीला टेकवून ओटीवर बसला, आणि जरा वेळाने म्हणाला, "अशीच बसती ती. पर तिला हसायलाबी येतं. ते नाय दावलंत." बाईंनी त्याच्याकडून म्हातारीचं हसणं विचारून घेतलं. तो लुगडं तसंच ठेवून गेला.

एवढ्या म्हाताऱ्या जमवल्या, पण पहिली कुणाची, असं मी एकदा विचारलं. पालेभाजी निवडता निवडता बाई म्हणाल्या, "आईची. पण अर्धीच."

मग त्यांनी सांगितलं. मुलगी नाटकात गेली म्हणून भावकीनं आईला दोन वर्षं वाळीत टाकलं होतं. पाणवठ्यावर तिच्याशी कुणी बोलत नसे. भाताच्या लावणीला एक माणूस तिच्या शेतात उतरलं नाही. सगळं वावर तिने एकटीने लावलं. तिने लेकीचं नाव टाकलं. बाई दर वर्षी शिमग्यानंतर वाडीवर जात, सकाळभर अंगणात बसत. आई पाठ फिरवून भात कांडत राही, सूप हातात घेई, गोवऱ्या रचे. एक शब्द नाही. दुपारी बाई उठून चालू लागत. असं चौदा वर्षं.

"तेवढ्या वेळात मला तिची पाठच दिसते," बाई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या म्हाताऱ्या तिच्या पाठीवरनं घेतल्यात. लोक टाळ्या वाजवतात. मला वाटतं, एकदा हिनं वळून बघावं, शिव्या दे म्हणावं, पण बघ. तेवढं झालं तर मी नाटक सोडीन."

"नाटक सोडू नका," मी म्हटलं.

"बरं, सोडत नाही. पण तिनं वळावं."

असं त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण भाजीची निवडलेली पानं त्यांनी देठांच्या ढिगात टाकली होती.

त्या वर्षी त्यांना बोलपटात काम मिळालं. घाटावरच्या एका कंपनीने बोलावलं, म्हातारी आईचं काम, शेवटी मरायचं. दोन महिन्यांनी बाई परत आल्या त्या बोलपटावर चिडूनच. "अगं, मी चार वेळा मेले. तीनदा बाहेरून कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. ते यंत्र कुत्र्याचंही ऐकतं. आणि मेल्यावर उठून बसावं तर टाळी नाही. एक माणूस म्हणतो, झालं, दिवा काढा." मुंबईत चित्र लागलं. काम चांगलं झालंय असं एक पत्र आलं. महाडला काही ते चित्र आलं नाही, आणि आम्ही दोघी ते विसरून गेलो.

करवंदांचे दिवस होते. रविवारी मी आणि बाई बाजारात गेलो होतो. पोलादपूरकडची एक कोंबडीवाली, बाईंच्याच वाडीची पण वेगळ्या भावकीतली, समोरून आली. तिने बाईंना पाहिलं आणि डोक्यावरचा खुराडा सरळ खाली सोडला. कोंबड्या सुटल्या, लोक धावले. ती कोंबडीवाली मात्र जागची हलेना. तिचे डोळे बाईंच्या पायांवर खिळले होते.

"काय गो, असं काय बघतेस?" बाई तिच्या बोलीत म्हणाल्या.

"तू मेलीस ना गो?" ती कशीबशी म्हणाली. "उद्या तुझा दहावा हाय."

कोंबड्या गोळा करून तिला घरी आणलं, पाणी पाजलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. बाईंचा चुलत भाऊ डोळे दाखवायला मुंबईला गेला होता. गिरणीतल्या लोकांनी त्याला दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर त्याने बहिणीला ओळखलं, केस पांढरे झालेली, गाल बसलेली. आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत मेली. आता नाटक, तमाशा, नमन, सगळं या माणसाने पाहिलेलं होतं. खेळात मेलेला माणूस खेळ संपला की उठतो, तोंड धुतो आणि बाहेर येऊन विडी मागतो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो दाराशी उभा राहिला. सगळे लोक गेले, दारं लागली, बहीण काही आली नाही. त्याने दारवानाला विचारलं तर दारवान म्हणाला, ती इथे कुठून येणार, घरी जा. तो तिथूनच निघाला आणि बोटीने थेट गावी आला.

"नाटकात खोटं मरतात, मला म्हाईत हाय," तो वाडीत सांगत होता म्हणे. "पर ती उठली नाय. मी सवता थांबलो व्हतो."

मला हसू आवरेना. बाईही पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी विचारलं, "सुतक कुणी धरलंय?"

"तुझ्या आयेनं. भटजी म्हणले, लेक लग्न करून दिलेली, तीन दिस पुरे. तर ती म्हणली, तिला दुसरं कोण हाय? धा दिस धरायचे. कळलं त्या दिसापासनं अन्नाला शिवली नाय, नुसतं दूध."

बाई उठून मागच्या दारी गेल्या. बऱ्याच वेळाने मी पाहायला गेले तर पायरीवर बसल्या होत्या.

"उद्या पहिल्या मोटारीनं निघू," मी म्हटलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुम्ही जिवंत आहात हे सांगायला नको?"

"मास्तरीण, तुला कळत नाही," बाई म्हणाल्या. "मेले म्हणून मी तिची लेक झालेय. दहा दिवस तिनं माझ्यासाठी अन्न सोडलंय. जिवंत गेले तर पुन्हा नाटकवाली. पुन्हा पाठ. चौदा वर्षांत जे मिळालं नाही ते मरून मिळालं, ते मी आपल्या हातानं घालवू?"

माझा आवाज खाली गेला. "म्हणजे तुमच्या सोयीसाठी आईनं जन्मभर रडायचं? बाई, तुम्ही म्हाताऱ्या चांगल्या करता, पण एका खऱ्या म्हातारीच्या जिवाशी हा कसला खेळ?" एवढं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. नंतर मला फार वाईट वाटलं. पण पहाटे माझ्याआधी त्याच तयार होत्या. अट एकच घातली, आधी लांबून बघायचं. त्यांना जमलं तर पुढे जातील, नाही तर मी एकटीने जाऊन सांगायचं.

सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला उतरलो. तिथून दीड तासाची चढण. वाडीच्या खाली ओढा होता. त्याच्या खोल कोंडीत तेवढं पाणी राहिलेलं, काठाला सपाट कातळ. आम्ही करवंदीच्या जाळीआड थांबलो. कातळावर दहा-बारा पुरुष, भटजी, आणि मधोमध चुलत भाऊ, डोक्याचा गोटा आणि मिशीही काढलेली. पिंड मांडून झाला होता. बाया दहाव्याला ओढ्यावर येत नाहीत. पण एक म्हातारी जरा लांब, पाण्याच्या कडेला बसली होती. तिला मी कधीच पाहिलं नव्हतं, तरी ओळखली. मी तिची पाठ कितीतरी वेळा आमच्या ओटीवर पाहिली होती.

कावळे समोरच्या ऐनाच्या झाडावर बसलेले, आणि एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय. मग जमलेल्यांनी ओळखायचं आणि तोंडाने वचन द्यायचं, अशी रीत.

भाऊ म्हणाला, "आयेला मी बघीन, घोर करू नको." कावळा हलला नाही.

"तुझ्या म्हाडच्या घराला कोण हात लावणार नाय." नाही.

एका वयस्क गृहस्थांनी विचार करून सांगितलं, "नाटकात जीव ऱ्हायला असंल. पुढल्या शिमग्याला वाडीत नाटक लावू." त्यावर एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेने.

ऊन चढलं. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा ती म्हातारी उठली. सगळे बाजूला झाले. ती पिंडासमोर जाऊन उभी राहिली आणि आधी हात जोडले, मग सोडले.

"मी बोलले नाय तुझ्याशी," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, दहा दिवस कुणाशी न बोललेला. "तू यायचीस, बसायचीस. मला वाटायचं, हिनं उठून माझा हात धरावा. तू धरला नाय, मी वळले नाय. तू उतरणीला लागलीस की मी दाराआडनं बघायची, पार वळणापत्तुर. माझा राग कवाच गेलाय गो. सांगायचं ऱ्हायलं." मग तिने लेकीला नावाने हाक मारली. कंपनीतलं नाव मला ठाऊक होतं. हे घरचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "ये गो, माझे बाय. ये."

बाईंनी माझं मनगट धरलं होतं ते सुटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चाली घेणारी ही बाई त्या वेळी कुणाच्याही चालीने गेली नाही. ठेचाळत, जाळीत अडकलेला पदर टरकन फाडून, लहान मूल उतारावरून सुटतं तशी गेली.

पुढचं मी नीट पाहिलं, कारण पळून न गेलेल्यांत मी होते. भटजी तांब्या टाकून वर चढले. भाऊ कोंडीत पडला. म्हातारी तेवढी उभी राहिली. तिने सगळ्यात आधी लेकीचे पाय पाहिले. पाय सरळ होते. मग तिने हात पुढे केला, तो बाईंच्या गालापाशी क्षणभर थांबला, आणि तिने फाडकन एक ठेवून दिली. त्यानंतर दोघी त्या कातळावर बसून जे रडल्या, ते मी इथे लिहीत नाही. मीही रडले. गडबडीत पिंड केव्हा गेला ते कुणी पाहिलंच नाही. कावळ्यांनी आपलं काम उरकलं होतं.

मग नवीच अडचण. ज्याचा दहावा झाला त्याला घरात कसं घ्यायचं? भटजींनी पोलादपूरहून पोथी मागवली आणि सांगितलं, तिला पुन्हा जन्माला घालावं लागेल. त्याप्रमाणे बारा दिवसांनी अडतीस वर्षांच्या बाईंचं बारसं झालं. आईने मांडीवर घेतलं, आणि बाई लाजून लाल झाल्या. एवढं भाबडं सोंग त्यांनी जन्मात केलं नसेल. ज्यांनी वाळीत टाकलं होतं त्यांनीच घुगऱ्या खाल्ल्या. भाऊ तेवढा कोपऱ्यात मिशीच्या जागेवर हात फिरवत होता. "ती कवा परत येणार?" असं तो बहिणीलाच विचारत होता.

आईने बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. चौदा वर्षांचं साठलेलं. पहिलं वर्ष बहुतेक शिव्याच होत्या. बाई आनंदाने ऐकत.

दुसऱ्या उन्हाळ्यात महाडला तंबूतला सिनेमा आला आणि तेच चित्र लागलं. बाईंनी आईला आणवलं. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला आम्ही तिघी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलो. म्हातारी पडद्यावरच्या लेकीकडे टक लावून बघत होती. मधेच माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ती मरायला लागली की आदुगर सांग. मी भायेर जाईन."

मला वाटलं, झालं, पुन्हा बिनसलं. बाईंचाही चेहरा उतरला. "आवडलं नाय काय, आय?"

"काम चांगलं करतेस," म्हातारी म्हणाली. "पर तुझा दहावा मी येकदा घातलाय. पुन्यांदा बघायचा नाय."

वेळ आली तशी मी खूण केली आणि आम्ही तिघी उठून तंबूबाहेर आलो. म्हातारीने ओच्यातून भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि भाकरीचा अर्धा तुकडा लेकीच्या हातात दिला. आत पेटी वाजत होती. मग ती थांबली, आणि सगळा तंबू हुंदके देऊन रडायला लागला.

"आता काय झालं गो?" म्हातारीने विचारलं.

"आता मी मेले," बाई म्हणाल्या.

म्हातारीने चटणी तिच्यापुढे सरकवली.

"मरू दे तिला," ती म्हणाली. "तू खा."